शब्दवेध : आयन

द्रावणात विजेच्या ओढीने सरकणाऱ्या कणांना काय म्हणावं, हा मायकेल फॅरडेपुढचा प्रश्न. 1834 मध्ये केंब्रिजच्या विल्यम व्हेवेलने त्याला ग्रीक शब्द सुचवला, ‘आयन’, म्हणजे जाणारा. आपल्या उत्तरायणातलं ‘अयन’ त्याचंच भावंड. दोघांच्या मुळाशी ‘जाणे’ या अर्थाचा एकच प्राचीन धातू. किती सुंदर नातं! ‘इलेक्ट्रोड’मधल्या ग्रीक ‘होडोस’चा अर्थ वाट.

या वाटसरू आयनांची गर्दी विद्युत विभवावरून कळते. आम्लता मोजणाऱ्या पीएच मीटरच्या टोकाला पातळ काचेचा फुगा असतो. त्याच्या आत आणि बाहेर हायड्रोजन आयनांचं प्रमाण वेगळं, म्हणून विभव निर्माण होतो. 25 अंश सेल्सिअसला प्रमाण दसपट बदललं की सुमारे 59 मिलिव्होल्टचा फरक पडतो. फुगा मात्र कोरडा ठेवू नका. वाळलेल्या काचेचं वाचन भरवशाचं नसतं.