नाणेघाटातला मुक्काम : बंदराच्या वाटेवरचं एक राजघराणं

आजचा विषय आहे मुक्काम. समुद्राकाठची जुनी, ऐतिहासिक, आलिशान मुक्कामाची जागा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईचं ताजमहाल हॉटेल येतं. ते सुरू झालं १९०३ साली. जाणकारांना त्याच्या आधीचं वॉटसन हॉटेलही आठवेल. १८९६च्या जुलै महिन्यात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं तिथेच दाखवली गेली. ही दोन्ही हॉटेलं पैसे मोजू शकणाऱ्या पाहुण्यांसाठी होती. आता प्रश्न असा, की आपल्या किनाऱ्यावर मुक्कामाच्या सोयीचा इतिहास इथेच सुरू होतो का? तर नाही. तो यापेक्षा सुमारे अठराशे वर्षं मागे जातो, आणि दगडावर लिहिलेला आहे. तो वाचता वाचता आपल्याला किनाऱ्यावरून घाट चढून जुन्नरला यायचं आहे.

सुरुवात नाशिकच्या पांडवलेण्यांपासून करू. तिथल्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. काही जण त्याला ऋषभदत्त म्हणतात. हा शक घराण्यातला, दिनिकाचा मुलगा आणि क्षत्रप नहपानाचा जावई. आपण काय काय दान दिलं त्याची यादीच त्याने कोरून ठेवली आहे. त्यात तो म्हणतो, की भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग या चार ठिकाणी आपण चतुःशाल, आवसथ आणि प्रतिश्रय दिले. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपुर म्हणजे मंदसौर, गोवर्धन नाशिकजवळचं, आणि शोर्पारग म्हणजे आपलं वसईजवळचं नालासोपारा. चतुःशाल म्हणजे मधे चौक आणि चारी बाजूंनी खोल्या असलेली वास्तू, चौसोपी वाडा म्हणा. प्रतिश्रय म्हणजे वाटसरूने आसरा घेण्याची जागा. थोडक्यात, सोपाऱ्याच्या आणि भडोचच्या बंदरात प्रवाशांसाठी बांधलेली मुक्कामाची घरं होती.

हा माणूस एवढ्यावर थांबत नाही. पारदा, दमण, तापी, डहाणुका अशा नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या, आणि दोन्ही काठांवर बसायला सभा आणि प्यायला पाणी, म्हणजे प्रपा, केल्या. नदी उतरणाऱ्याला काय लागतं? अलीकडे थांबायला सावली, पलीकडे गेल्यावर घोटभर पाणी, आणि मधे नावाड्याशी घासाघीस नको. त्याच लेण्यात त्याच्या बायकोचं, दक्षमित्रेचंही दान आहे. तिने 'ओवरक' दिला, म्हणजे राहण्याची खोली. देवळातली आपली ओवरी हीच. म्हणजे नवरा-बायको दोघंही इतरांच्या मुक्कामाची सोय करताना दिसतात.

आता सोपाऱ्याहून किंवा कल्याणहून निघालेल्या व्यापाऱ्याबरोबर आपण चालू लागू. त्याला जुन्नरला जायचंय, तिथून पुढे पैठणला. वाट मुरबाडकडून सह्याद्रीच्या पायथ्याला, आजच्या वैशाखऱ्याजवळ येते. इथपर्यंत गाडी चालेल. पुढे मात्र उभी चढण आहे आणि वर अरुंद नाळ आहे. म्हणजे माल बैलांच्या, गाढवांच्या पाठीवर किंवा माणसांच्या डोक्यावर घ्यायचा. ओझ्याचं जनावर आहे, दगडाच्या पायऱ्या आहेत, कोकणातला दमट उकाडा आहे. माथ्यावर येईपर्यंत माणूस आणि जनावर दोघंही थकून गेलेले असतात. आणि जुन्नर अजून तीसेक किलोमीटर लांब. म्हणजे मुक्काम हवाच.

नेमक्या याच ठिकाणी, चढण संपता संपता, नाणेघाटाचं लेणं आहे. आंबेगाव तालुक्यातून आहुप्याच्या घाटानेही कोकणात उतरता येतं, सह्याद्रीत अशा वाटा पुष्कळ आहेत. पण एवढा मोठा राजलेख मात्र याच वाटेवर कोरलेला आहे.

लेणं कसं आहे ते नीट बघा. साधारण चौरस दालन आहे. तीन बाजूंना दगडातच कोरलेला बाक आहे. भिक्षूंच्या झोपायच्या छोट्या खोल्या नाहीत, म्हणजे विहार नाही. स्तूप नाही, म्हणजे चैत्यगृह नाही. आजूबाजूला खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या आहेत. बसायला बाक, डोक्यावर छप्पर, प्यायला पाणी. म्हणून ही वाटसरूंच्या विश्रांतीची जागा असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि ते पटण्यासारखं आहे.

आता या विश्रांतीच्या जागेत मागच्या भिंतीवर कोण होतं? एक अख्खं कुटुंब. मूर्ती आज नाहीत, कुठे कुठे पायांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. पण वर कोरलेली नावं वाचता येतात. पहिला राजा सिमुक सातवाहन. मग देवी नायनिका, जिला आपण नागनिका म्हणतो, आणि राजा श्री सातकर्णी, दोघांचं नाव एकत्र. मग कुमार भायल. मधल्या काही मूर्तींची नावं गेली आहेत. पुढे महारठी त्रणकयिर, मग कुमार हकुसिरी आणि कुमार सातवाहन.

या रांगेतला महारठी महत्त्वाचा आहे. तो सातवाहन नाही. नागनिका महारठी घराण्यातली लेक होती हे तिथल्याच मोठ्या लेखावरून कळतं, आणि हा महारठी तिचा बाप असावा असं पुष्कळांचं मत आहे. तसं असेल तर सासर आणि माहेर एकाच भिंतीवर उभं आहे. नव्या राज्याला घाटमाथ्यावरच्या बलवान घराण्याचा आधार होता, हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं.

डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत तो मोठा लेख आहे. त्याचा काळ साधारण ख्रिस्तपूर्व पहिलं शतक धरतात, काही जण त्याहून मागे नेतात. कर्नल साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या जागेकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं, पंडित भगवानलाल इंद्रजींनी लेखावर काम केलं, आणि ब्यूलर यांनी १८८३ साली त्याचं वाचन प्रसिद्ध केलं. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपालांना नमन आहे. मग अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची नोंद. एका ठिकाणी १,७०० गायी आणि १० हत्ती, इतर ठिकाणी हजारोंनी कार्षापण नाणी. आपल्या देशातल्या अंकलेखनाच्या अगदी जुन्या नमुन्यांत या आकड्यांची गणना होते. आणि मधेच या राणीचं वर्णन येतं : महिना महिना उपास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी जगणारी, ब्रह्मचर्य पाळणारी. नवरा गेलेली, मुलं लहान, आणि राज्याचा भार अंगावर. असं तिचं चित्र अभ्यासकांनी यावरून उभं केलं आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. नाणेघाट म्हटलं की आपल्याला काय सांगितलं जातं? तो दगडी रांजण. जकातीची नाणी त्यात टाकत, म्हणून नाणेघाट. गोष्ट चांगली आहे, मुलांना आवडते, आणि एवढ्या मोठ्या व्यापारी वाटेवर जकात घेतली जात असणार यात नवल नाही. पण त्यामुळे झालंय असं, की ही जागा आपल्या डोक्यात 'वसुलीचं नाकं' म्हणून बसली आहे. प्रत्यक्ष दगड काय सांगतो? मोठ्या लेखाच्या वाचता येणाऱ्या भागात जकातीचा शब्द नाही. आणि टाक्यांवरचे छोटे लेख बघा. एक टाकी, म्हणजे त्या भाषेत 'पोढी', सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेली आहे. दुसरी कामवनच्या दामघोष नावाच्या गृहस्थाने दिली आहे, एका सातकर्णी राजाच्या तेराव्या वर्षी. सोपारा कुठे, नाणेघाट कुठे! समुद्राकाठचा माणूस घाटमाथ्यावर पाण्याची सोय करतो. का? कारण त्याचीच माणसं, त्याचेच बैल इथे तहानलेले पोचत होते.

जुन्नरला उतरल्यावरही हेच दिसतं. लेण्याद्रीचं चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने दिलं आहे. जुन्नरच्या लेण्यांत यवनांची दानं आहेत : इरिल नावाच्या यवनाने दोन टाक्या दिल्या, तर चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप. भोजनमंडप, मंडळी! जेवायला बसायची जागा. मानमोडीच्या डोंगरात नहपानाचा अमात्य अयम याने ४६व्या वर्षी टाकी आणि मंडप दिल्याचा लेख आहे. ही दानं बौद्ध संघाला आहेत हे खरं. पण यादी वाचून बघा : पाणी, मंडप, जेवणघर. मुक्कामाला जे लागतं तेच.

कोणी विचारेल, एकदा बांधून दिलं, पुढे चालवायचं कसं? उषवदाताने याचंही उत्तर लिहून ठेवलंय. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे त्याने २,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. हिशोब करा. महिन्याला २०, वर्षाला २४०. लेख म्हणतो, वर्षावासात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. वीस गुणिले बारा, बरोबर २४०. आणखी १,००० कार्षापण दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने, किरकोळ खर्चासाठी. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आजच्या विश्वस्त संस्था याहून वेगळं काय करतात?

आणि ही नुसती भूतदया होती असंही समजू नका. 'पेरिप्लस' नावाचा ग्रीक भाषेतला, इसवी सनाच्या पहिल्या शतकातला प्रवासग्रंथ आहे. त्यात म्हटलंय, की कल्याण पूर्वी व्यापारासाठी खुलं बंदर होतं, पण पुढे तिथे आडकाठी झाली, आणि चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. पैठणचा माल गाड्यांनी वीस दिवस चालून भडोचला जातो, असंही तो सांगतो. म्हणजे वाटा बदलत होत्या, व्यापार एका राज्याच्या बंदरातून दुसऱ्याच्या बंदरात वळवला जात होता. अशा चढाओढीत व्यापाऱ्याने आपल्या वाटेने यावं असं वाटत असेल तर काय हवं? सुरक्षितता, पाणी आणि रात्रीचा निवारा. नागनिकेच्या घराण्याने आपलं कुटुंब राजवाड्यात न कोरता या मुक्कामाच्या जागी का कोरलं, याचं एक कारण इथे सापडतं. यजमान कोण, हे पाहुण्याला कळायला हवं होतं.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी इथे १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यातल्या बऱ्याच नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नाणं पुसून नवं करता येतं. पण शत्रूच्या अमात्याने दिलेली मानमोडीची टाकी कुणी बुजवली नाही. राज्यं बदलली तरी पाणी सगळ्यांनाच हवं होतं.

शेवटी आजच्याबद्दल दोन शब्द, कारण आपल्यातले बरेच जण कुटुंबाला घेऊन तिथे जातात. गटांबरोबर जाताना आम्हाला दरवेळी जे दिसतं ते सांगतो. पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला गर्दी लोटते. लेण्यात डबे उघडले जातात, त्याचं वाईट वाटायचं कारण नाही, ती जागा त्यासाठीच होती. पण ओल्या हातांनी अक्षरं चाचपली जातात, भिंतीला पाठ टेकून फोटो काढले जातात, आणि कुणीतरी स्वतःचं नाव कोरून जातं. अक्षराची कड एकदा झिजली की 'न' कुठला आणि 'ण' कुठला हे कुणालाही सांगता येणार नाही. मूर्ती आपण आधीच गमावल्या आहेत. आता त्या कुटुंबाची फक्त नावं उरली आहेत, आणि तीही गेली तर मागच्या भिंतीवर काय होतं हे पुस्तकातच वाचावं लागेल.

तेव्हा जाल तर सकाळी लवकर जा, ऊन तिरपं असताना अक्षरं चांगली दिसतात. भिंतीपासून हातभर लांब बसा. मुलांना रांजण जरूर दाखवा, पण त्यानंतर टाक्यांपाशी न्या आणि सोपाऱ्याच्या गोविंददासाचं नाव सांगा. पिण्याचं पाणी घरून न्या, आणि उरलं तर घाट चढून आलेल्या एखाद्याला द्या.

कुणाला काही विचारायचं असेल तर आता विचारा.