रुग्णाची मायेने शुश्रूषा आणि संगीताची साथ: नातेवाइकांनी काय करावे?

परभणीचे जिल्हा रुग्णालय असो की गंगाखेड, जिंतूर, सेलूचा एखादा दवाखाना, रुग्णाच्या उशाशी बहुतेक वेळ घरचेच माणूस असते. औषधे, इंजेक्शन, सलाईन सिस्टर पाहतात. तोंड पुसणे, कूस बदलणे, रात्री धीर देणे ही कामे मात्र तुमच्याकडे येतात. तीही उपचाराचाच भाग आहेत.

मायेची शुश्रूषा म्हणजे काय?

भीती आणि झोपमोड यांमुळे वेदना जास्त जाणवतात. म्हणून:

- रुग्णाला हात लावण्याआधी काय करणार आहात ते सांगा.
- "दुखतंय का?" असे विचारा आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या.
- खर्चाची किंवा आजाराच्या गंभीरपणाची कुजबुज खाटेजवळ करू नका.
- वयस्कर रुग्ण रात्री गोंधळतात. त्यांचा चष्मा, कानाचे यंत्र जवळ ठेवा. आपण कुठे आहोत, आज वार कोणता, हे अधूनमधून सांगा.

संगीताचा किती उपयोग होतो?

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१५ मध्ये ऑपरेशनच्या रुग्णांवरील ७३ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. संगीत ऐकणाऱ्यांची वेदना व चिंता कमी झाली, वेदनाशामक औषधही कमी लागले. रुग्णालयातला मुक्काम मात्र कमी झाला नाही. थोडक्यात, संगीत त्रास हलका करते. ते औषधाची जागा घेत नाही.

लकव्याच्या रुग्णांवर फिनलंडमध्ये झालेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन महिने रोज आवडीचे संगीत ऐकणाऱ्यांची शब्दांची स्मरणशक्ती आणि एकाग्रता इतरांपेक्षा अधिक सुधारली.

लकव्यानंतर साधा शब्द न उच्चारता येणारी व्यक्ती कधीकधी पाठ असलेले गाणे शब्दांसह म्हणते, कारण बोलणे आणि गाणे यांत मेंदूचे काही वेगळे भाग काम करतात. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव, आणि या भागातल्या कितीतरी आज्यांना जात्यावरच्या ओव्या पाठ असतात. वाचा गेली म्हणजे समज गेली असे धरून चालू नका. आजी ओवी गुणगुणत असतील तर डॉक्टरांना किंवा स्पीच थेरपिस्टला जरूर सांगा. बोलणे परत शिकवताना त्याचा उपयोग होऊ शकतो.

संगीत कसे लावावे?

- निवड रुग्णाची असावी. अभंग, कव्वाली, जुनी चित्रपटगीते, काहीही चालेल. न विचारता सतत भजने लावली तर "माझा शेवट जवळ आला का?" अशी धास्ती काहींना वाटते.
- एका वेळी वीस-तीस मिनिटे पुरेत. ड्रेसिंगच्या वेळी, व्यायामाच्या वेळी किंवा झोपण्यापूर्वी लावा. झोप लागली की बंद करा.
- आवाज इतकाच ठेवा की त्यावर बोललेले सहज ऐकू येईल.
- शेजारच्या खाटेवरही रुग्ण आहे. वॉर्डात इअरफोन वापरा, शक्यतो एकाच कानात, म्हणजे सिस्टरची हाक ऐकू येईल. कानाचे किंवा डोक्याचे ऑपरेशन झाले असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
- बोलता न येणाऱ्या रुग्णाचा चेहरा पाहत राहा. कपाळावर आठी, तळमळ, मान फिरवणे दिसले की लगेच थांबा.

सिस्टरना ताबडतोब कधी बोलवावे?

छातीत दुखणे, धाप लागणे, वाढत जाणारी वेदना, ताप, अचानक बरळणे किंवा ग्लानी येणे, यांपैकी काहीही झाले तर गाणे लावून वाट पाहू नका. रुग्ण घरी असेल तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. संगीताने बरे वाटू लागले तरी वेदनाशामक, रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना तसे सांगा. डोस कमी करायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील.