जुनी सायकल, दुसरी सायकल आणि सिद्धगडची वाट

इतिहास म्हणजे फक्त राजे आणि लढाया नव्हेत, रोजच्या वापरातल्या वस्तूंनाही इतिहास असतो, असं मी वर्गात मुलांना सांगत असे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण ही खोड काही जात नाही. त्यामुळे पुतण्याने जेव्हा विचारलं, "काका, माझी डोंगरी सायकल सुधारून घेऊ की सरळ दुसरी घेऊ?" तेव्हा मला उत्तराआधी इतिहासच आठवला. मंडळी, आजचा लेख त्याच्यासाठी आहे, आणि असा प्रश्न घरात ज्यांना ज्यांना पडतो त्या सगळ्यांसाठी.

आधी प्रश्न नीट मांडतो. दर वर्षी २ जानेवारीला सिद्धगडाच्या पायथ्याशी माणसं जमतात. १९४३ साली याच तारखेला सिद्धगडच्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. पुतण्या आणि त्याची मित्रमंडळी यंदा तिथे सायकलने जायचं म्हणताहेत. कल्याणहून मुरबाड सुमारे तीस किलोमीटर, पुढे म्हसा, मग नारिवली. बहुतेक वाट डांबरी, पायथ्याजवळ खडी, दगड आणि धूळ. गडावर अर्थातच पायी. त्याची सायकल २६ इंची चाकांची, पुढच्या चिमट्याला स्प्रिंग, रिमला लागणारे ब्रेक, मागे आठ चकत्या. माझ्या धाकट्या भावाने त्याला कॉलेजात असताना घेऊन दिलेली. भाऊ आज नाही. म्हणजे हा प्रश्न नुसता पैशांचा नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

आमच्या पिढीला हा प्रश्न पडतच नव्हता. सायकल एकदा घ्यायची आणि जन्मभर सुधारत राहायची. त्या काळात मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता, बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय (१९४९), सोनीपतला अ‍ॅटलस (१९५१), लुधियानाला हीरो (१९५६). नावं वेगळी, पण सायकलची घडण बहुतेक सारखीच, ब्रिटिश वळणाची. काळी फ्रेम, सळईचे ब्रेक, २८ इंची चाकं. त्यामुळे एकीचा पार्ट दुसरीला बहुधा बसे. मुरबाडच्या बाजारातला मिस्त्री छर्रे बदली, नवी चेन टाकी, आरे ताणून चाकाचा आऊट काढी. डायनामो, कॅरिअर, चेनकव्हर, स्प्रिंगची सीट हीच आमची सुधारणा! आम्ही फार काटकसरी होतो म्हणून सायकली टिकल्या असं आम्ही अभिमानाने सांगतो, पण ते अर्धंच खरं. खरं कारण असं की वर्षानुवर्षं मापं बदललीच नाहीत. (पुढे हिंद आणि सेन-रॅले दोन्ही डबघाईला आल्या आणि १९८० साली संसदेने कायदा करून त्या सरकारकडे घेतल्या. असो.)

आता गंमत बघा. ज्या डोंगरी सायकलबद्दल हा प्रश्न आहे, ती जन्मली तीच मुळी जुनी सायकल सुधारण्यातून. अमेरिकेत कॅलिफोर्नियात माउंट टॅमलपाइस नावाचा डोंगर आहे. १९७० च्या दशकात तिथल्या काही तरुणांनी १९३०-४० च्या काळातल्या जाड टायरच्या श्विन सायकली भंगारभावात गोळा केल्या आणि त्या डोंगरावरून खाली सोडायला सुरुवात केली. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांची पहिली शर्यत झाली. त्या उताराला नाव पडलं 'रिपॅक'. का, तर मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक उतारावर इतका तापे की आतलं ग्रीस जळून धूर होई आणि प्रत्येक वेळी हब उघडून नवं ग्रीस भरावं लागे. मग गॅरी फिशर आणि इतरांनी त्या जुन्या सायकलींना ड्रम ब्रेक लावले, मोटारसायकलचे दांडे लावले, गिअर बसवले. सुधारणाच सुधारणा.

पण एक गोष्ट सुधारता येईना, ती म्हणजे फ्रेम. जुन्या फ्रेम जड होत्या आणि त्या उतारांवर वाकत, तुटत. तेव्हा १९७७ मध्ये जो ब्रीझ नावाच्या तरुणाने याच कामासाठी मुद्दाम नवी फ्रेम बांधली. त्याची ती पहिली सायकल आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९८१ साली 'स्टंपजंपर' ही सायकल जपानमध्ये बनून दुकानांत आली आणि डोंगरी सायकल सर्वांची झाली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ती शर्यतीतही उतरली. आपल्याकडे हीरोची 'रेंजर' आली, आणि सरळ हँडलच्या प्रत्येक सायकलीला पोरं रेंजरच म्हणू लागली.

या इतिहासातून मला जो नियम दिसतो तो असा. फ्रेम साथ देते तोवर सुधारावं. फ्रेमला जे झेपत नाही ते तिच्यावर लादू नये.

आता हा नियम पुतण्याच्या सायकलीला लावू. आमच्या काळी स्थिर असलेली मापं गेल्या वीस वर्षांत भराभर बदलली. २६ इंची चाकं मागे पडून २९ आणि साडेसत्तावीस इंची आली. चिमट्याची वरची नळी पूर्वी सरळ असे, आता बऱ्याच चिमट्यांची खाली जाड होत जाते, ती जुन्या फ्रेमच्या डोक्यात शिरतच नाही. चाकाचे एक्सल जाड आणि लांब झाले. डिस्क ब्रेकला फ्रेमवर बैठक लागते, ती याच्या फ्रेमवर नाही. म्हणजे चिमटा, चाकं आणि डिस्क ब्रेक ही तीन मोठी कामं काढली, तर एकातून दुसरं निघत जाईल आणि शेवटी जुनी फ्रेम तेवढी उरेल. हे सुधारणं नव्हे, हप्त्याहप्त्याने महागात नवी सायकल घेणं आहे.

उलट टायर, ब्रेकचे रबर, केबल, चेन, पॅडल, सीट ही कामं आजही स्वस्तात होतात आणि मापाची अडचण येत नाही. चढाला हलका गिअर हवा तर मागे मोठ्या चकत्यांची कॅसेट बसवता येते (आमची गाण्यांची कॅसेट नव्हे!). फक्त मागचा डिरेलर एवढी मोठी चकती झेपवेल का, ते मिस्त्रीला आधी विचारावं. नारिवलीच्या वाटेला याहून जास्त काही लागत नाही.

मग दुसरी सायकल कधी घ्यावी? माझ्या मते दोनच कारणांनी. एक, वाट बदलली तर. उद्या त्याला नेहमीच दगडधोंड्यांतून उतरायचं असेल, तर त्या कामासाठी बांधलेली फ्रेमच हवी. हातपाय मोडून भावाची आठवण जपली जात नाही. दुसरं कारण, माणूस वाढलं तर. पुतण्याची धाकटी बहीणही सिद्धगडला यायचं म्हणते आहे, पण तिला सायकल नाही, हे त्याने मला बोलता बोलता सांगितलं. प्रश्नाचं खरं उत्तर मला तिथे सापडलं. हजारो रुपये घालून सुधारलेली सायकल एकालाच नेते. दुसरी सायकल घेतली तर दोघं जातात.

म्हणून अरे बाळा, काकाचा सल्ला ऐक. बाबांच्या सायकलीला नवे टायर, नवे रबर, नवी केबल आणि एक चांगलं ओव्हरहॉलिंग, एवढंच कर. बाकीचे पैसे बाजूला ठेव आणि दुसरी साधी, भक्कम सायकल घे. बाबांच्या सायकलीवर बहिणीला बसू दे. तिची उंची कमी आहे, सीट खाली करून पाय नीट टेकतात ना ते बघ. नवीवर तू बस, म्हणजे तिच्या बारीकसारीक तक्रारी तुला आधी कळतील. पंक्चरचं सामान आणि पंप दोघांत एक पुरेल, ट्यूब मात्र दोन मापांच्या घ्या. म्हशाच्या पुढे दुकानांच्या भरवशावर राहू नका. सिद्धगड भीमाशंकर अभयारण्यात येतो, तेव्हा सायकली पायथ्याच्या गावातच ठेवा, कोणाच्या अंगणात लावाल त्यांना आधी विचारा, आणि स्मारकाकडे पायी जा.