लाखोरी, तणस आणि नऊ गुंठे

भंडारा म्हटलं की तलाव आठवतात, धान आठवतो. आज आपण त्याच धानाच्या बांधीतलं दुसरं पीक पाहू, कारण इथल्या चाऱ्याचा इतिहास त्याशिवाय सांगताच येत नाही.

धान कापणीच्या दोन-तीन आठवडे आधी, जमिनीत ओल असतानाच, उभ्या पिकात लाखोरी फेकायची. वेगळी नांगरट नाही, पाणी नाही. हा उतेरा. दाणा घरात, कुटार जनावरांपुढे. धानाच्या तणसात प्रथिनं जेमतेम 3-4 टक्के. ही उणीव कुटार थोडीफार भरून काढायचं.

1961 साली लाखोरीच्या विक्रीवर बंदी आली. कारण खोटं नव्हतं: दुष्काळात हीच डाळ महिनोन्‌महिने मुख्य अन्न झाली की माणसाचे पाय लुळे पडायचे. नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदीविरुद्ध दीर्घ लढा दिला, तोही डाळीसाठीच. आम्हाला वाटतं, या वादात गाय-बैल कुणी फारसे मोजलेच नाहीत.

दरम्यान चारा हे स्वतंत्र पीक ठरू लागलं होतं. आफ्रिकेतलं नेपियर गवत आणि आपली बाजरी यांचा संकर 1953 साली कोइमतूरला झाला. 1962 मध्ये झाशीला चारा संशोधन संस्था निघाली. आता हिशेब पाहा. संकरित गाईला रोज 25 किलो हिरवा चारा, म्हणजे वर्षाला साधारण 9 टन. ओलिताच्या नेपियरचं उत्पन्न गुंठ्याला टनभर धरलं, तरी एका गाईला नऊ गुंठे लागतात. शिवाय थंडीत नेपियर वाढतच नाही म्हणा ना! म्हणून नोव्हेंबर ते एप्रिल बरसीम हवा. त्यात 17-20 टक्के प्रथिनं, म्हणजे ढेपेचा खर्च कमी होतो. चाऱ्याचा नफा असा दुधाच्या हिशेबात लपतो. चारा बाजारात जात नाही, त्यामुळे वहीत त्याची ओळच नसते.

अडचण बियाण्याची नाही. रब्बीत पाणी असलं की शेतकरी उन्हाळी धानाकडे वळतो, कारण त्याचे पैसे एकदम हातात येतात. आणि धुऱ्यावर नेपियर लावलं, तरी कापणीनंतर गावची जनावरं मोकळी सुटतात. लाखोरीच्या दिवसांत अख्ख्या शिवारात उतेरा असायचा, त्यामुळे राखण सगळ्यांचीच होती. आज नऊ गुंठे हिरवे ठेवणाऱ्याला कुंपण मात्र एकट्यालाच घालावं लागतं.