उन्हाळी आणि अमेरिकेतलं लाल फळ

लघवीला जळजळ, सारखी कळ, आणि जाऊन बसावं तर दोनच थेंब. आपण म्हणतो उन्हाळी लागली, आणि धण्याचं पाणी पिऊन गप्प बसतो. अमेरिकेतल्या बायका याच दुखण्यावर क्रॅनबेरीचा रस पीत आल्या. आता त्याच्या गोळ्या आपल्याकडच्या औषधांच्या दुकानातही मिळतात, म्हणून आज त्या फळाची गोष्ट.

क्रॅनबेरी उत्तर अमेरिकेतल्या दलदलीत जमिनीलगत वाढते. फळ लाल, आंबट आणि तुरट. तिथले मूळ रहिवासी ते वाळवलेल्या मांसात कुटून साठवायचे. १८१६ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या डेनिस गावच्या हेन्री हॉलच्या ध्यानात आलं, की वाऱ्याने वाळू येऊन पडते तिथे वेल जास्त जोमाने वाढतात. तिथून लागवड सुरू झाली. आपलं करवंद ते हे नव्हे बरं का! करवंदाला काही जण भारतीय क्रॅनबेरी म्हणतात, पण ते कण्हेरीच्या कुळातलं.

रस लागू पडतो का, आणि का, हे शोधायला मात्र फार वर्षं गेली. १९१४ मध्ये ब्लॅदरविक नावाच्या संशोधकाने दाखवलं, की हे फळ खाल्ल्यावर लघवी जास्त आम्ल होते. मग सगळ्यांनी धरून चाललं, की आम्लात जंतू मरतात. पुढे मोजमाप झालं तेव्हा कळलं, की जंतू मरण्याइतकं आम्ल माणूस पिऊ शकतो तेवढ्या रसाने क्वचितच तयार होतं.

खरं कारण वेगळंच निघालं. हा त्रास बहुतेक वेळा ई-कोलाय या आतड्यातल्या जंतूमुळे होतो. त्याच्या अंगावर बारीक केसांसारखे धागे असतात. कपड्याला गोखरू चिकटावं तसा तो त्यांनी मूत्राशयाच्या आतल्या भिंतीला चिकटतो, म्हणून लघवीबरोबर वाहून जात नाही. १९८४ मध्ये ओहायोतल्या अँथनी सोबोटा यांनी दाखवलं, की क्रॅनबेरीचा रस हे चिकटणंच अडवतो. १९९८ मध्ये एमी हॉवेल आणि त्यांच्या सोबत्यांनी त्यामागचा घटक सांगितला, प्रोअँथोसायनिडिन. फळातला तुरटपणा तो हाच.

माणसांवरचा मोठा प्रयोग १९९४ चा. बॉस्टनमध्ये १५३ वयस्क बायकांना सहा महिने रोज ३०० मिलिलिटर पेय दिलं. निम्म्या जणींचं पेय नुसतं चवीला तसं होतं. रस पिणाऱ्यांच्या लघवीत जंतू आणि पू सापडण्याचं प्रमाण जवळपास निम्मं भरलं. पुढचे प्रयोग कधी बाजूने, कधी विरुद्ध. २०१२ मध्ये सगळे एकत्र तपासले तर फायदा ठरेना. २०२३ मध्ये ५० प्रयोग आणि जवळजवळ ९,००० माणसं धरून पुन्हा पाहिलं, तेव्हा ज्या बायकांना हा त्रास वारंवार होतो त्यांचा धोका सुमारे पाव हिश्शाने कमी दिसला. गरोदर बायकांत आणि वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्या माणसांत फायदा दिसला नाही.

एवढ्या वर्षांत सिद्ध झालं ते हे, आणि तेही त्रास होऊ नये म्हणून. एकदा जळजळ सुरू झाली की भिंतीला चिकटलेला जंतू या रसाने सुटत नाही. त्याला डॉक्टरांचं औषध लागतं. थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखलं, लघवीतून रक्त गेलं किंवा बाई गरोदर असली, तर धण्याच्या पाण्यावर एक दिवसही काढू नका. सरकारी दवाखान्यात जाऊन लघवी तपासून घ्या.