विद्यापीठ शाळेच्या पायरीशी

१९७२ साली मध्य प्रदेश सरकारनं होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांमध्ये सहावी ते आठवीचं विज्ञान नव्या पद्धतीनं शिकवून पाहायला परवानगी दिली. ती मागणाऱ्या संस्था दोन होत्या: रसूलियाचं क्वेकर मंडळींचं फ्रेंड्स रूरल सेंटर आणि बनखेडीजवळच्या खेड्यातली किशोर भारती. किशोर भारती उभी करणारे अनिल सद्गोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं काम सोडून तिथं गेले होते. सुरुवातीचा हातभारही त्याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी लावला. मग दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक येऊ लागले, आणि विद्यापीठ अनुदान आयोगानं त्यांना शिष्यवृत्त्या दिल्या. प्राध्यापकानं खेड्यातल्या शाळेसाठी दिलेला वेळ हे त्याच्या पेशाचंच काम आहे, हे आयोगानं त्यातून मान्य केलं.

होशंगाबादचा हा कार्यक्रम विज्ञानशिक्षणासाठी प्रसिद्ध आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम कसा घडवावा, याचा धडाही त्यात आहे आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. उन्हाळी शिबिरात गुरुजी स्वतः प्रयोग करत: पानं गोळा करून गट पाडणं, बिया रुजवणं, नाणं उडवून शक्यतेचा हिशेब मांडणं. सोबत प्राध्यापक बसलेले असत. एखाद्या प्रयोगाचं उत्तर चुकलं की दोघं मिळून कारण शोधत. वर्ष सुरू झालं की शिक्षकांची मासिक बैठक भरे. कुठला प्रयोग वर्गात फसला, कुठला प्रश्न मुलांना कळलाच नाही, हे तिथं मांडलं जाई. त्या हरकती पुढच्या लेखनात उतरत. ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तकं अशी तयार झाली. अणू-रेणू या वयात शिकवावेत का, यावर बराच वाद झाला आणि शेवटी ते वगळले गेले. परीक्षेत पुस्तक उघडायची मुभा होती आणि प्रयोगही करून दाखवावे लागत.

१९७८ मध्ये कार्यक्रम जिल्हाभर पसरला. १९८२ मध्ये त्यातूनच ‘एकलव्य’ ही संस्था निघाली.

इतकं शिकूनही त्या शिक्षकांना पदवी मिळाली नाही. विद्यापीठाचा माणूस शाळेत पोचला होता, पण शाळेच्या माणसाला विद्यापीठात जागा नव्हती. ही दरी फार जुनी. देशातला पहिला एम.एड. अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठानं १९३६ मध्ये सुरू केला खरा. पण ती वाट पदवीधरांची, म्हणजे मुख्यतः हायस्कूलच्या शिक्षकांची. प्राथमिक शिक्षकाचं शिक्षण ट्रेनिंग कॉलेजात, प्रमाणपत्रापाशी संपे. कोठारी आयोगानं (१९६४–६६) याच दुखण्यावर बोट ठेवलं: शिक्षक-प्रशिक्षण विद्यापीठापासून तुटलेलं, शाळेपासून तुटलेलं, आणि प्रशिक्षण संस्था एकमेकींपासूनही तुटलेल्या. आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक.

महाराष्ट्रात हे अंतर कमी करायचा मोठा प्रयत्न १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं केला. त्याचे संस्थापक व्ही. जी. कुलकर्णी मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरात केंद्रानं ग्रामीण शाळांतल्या शिक्षकांसोबत काम केलं. तिकडे दिल्ली विद्यापीठानं १९९४ मध्ये प्राथमिक शिक्षकांसाठी चार वर्षांचा बी.एल.एड. हा पदवी अभ्यासक्रम आणला. प्राथमिकचं शिकवणं हा पदवीच्या तोलामोलाचा विषय आहे, हे त्यानं ठामपणे मांडलं.

पदव्युत्तर पायरी २००६ मध्ये मुंबईत चढली गेली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं, म्हणजे टिसनं, प्राथमिक शिक्षणात एम.ए. सुरू केलं. ते आखायला एकलव्य, जयपूरची दिगंतर, उदयपूरची विद्या भवन सोसायटी आणि होमी भाभा केंद्र सोबत होतं. काही काळ कॅम्पसवर आणि उरलेला काळ आपापल्या गावी राहून अभ्यास, अशी त्याची रचना होती. त्यामुळे नोकरी न सोडता शिकता येई. विषयांत बालविकास आणि अभ्यासक्रमाचा अभ्यास होता, भाषा आणि गणित कसं शिकवायचं हे होतं, आणि घरात पहिल्यांदाच शाळेत जाणाऱ्या मुलाचा स्वतंत्र विचारही होता. हा शेवटचा विषय मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कारण एरवी शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत ज्याला एखादं प्रकरणही मिळत नाही, ते मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत रोज समोर बसलेलं असतं.

याच टिसनं पुढे २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीसोबत आणि टाटा ट्रस्टच्या मदतीनं ‘क्लिक्स’ उपक्रम हाती घेतला. राजस्थान, छत्तीसगड, तेलंगणा आणि मिझोरममधल्या सरकारी हायस्कूलच्या शिक्षकांसाठी त्यातून पदव्युत्तर प्रमाणपत्राचे अभ्यासक्रम तयार झाले. युनेस्कोनं त्याला पुरस्कारही दिला.

हा इतिहास चढाचाच आहे असं मात्र नाही. होशंगाबादचा कार्यक्रम २००२ मध्ये सरकारनं एका आदेशानं बंद केला. तीस वर्षं बैठकांतून घडलेला अभ्यासक्रम शाळांतून गेला. महाराष्ट्रात तर डी.एड. कॉलेजांचं पीक आलं. २९१ संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातूनच न्या. जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला गेला. शिक्षकांची तयारी उच्च शिक्षणाच्या कक्षेत आणा, असं त्या आयोगानं २०१२ मध्ये सांगितलं. कोठारी आयोगानंतर चार दशकांहून अधिक काळ लोटल्यावर पुन्हा तेच सांगावं लागलं.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सुचवलं आहे. हे तास कशानं भरायचे, हे ठरवणाऱ्या अभ्यास मंडळांना एक विनंती आहे: पहिल्याच बैठकीला दुर्गम तालुक्यातले दोन-चार प्राथमिक शिक्षक बोलवा, आणि मसुदा लिहून होण्याआधी त्यांच्या हरकती लिहून घ्या.