नांदेड-लातूरकडील वयाचा हिशेब

नांदेड आणि लातूरच्या खेड्यांत विसाव्या शतकात माणसाचे वय तीन तऱ्हांनी सांगितले जाई. घरात चालू वर्ष धरत, गावात एखाद्या मोठ्या घटनेवरून हिशेब लावत आणि शाळा-कचेरीत तारीख लिहीत. तिन्ही उत्तरे जुळतीलच असे नसे.

घरच्या रीतीत मुलाला ‘पाचवं लागलं’ म्हणजे त्याची चार वर्षे भरलेली असत. मुंजीचे आठवे वर्षही असेच चालू वर्ष असून शास्त्राप्रमाणे ते गर्भापासून मोजले जाते. इंग्रजी बोलणारे मात्र वय सांगताना भरलेली वर्षे सांगतात. पुढचा वाढदिवस येईपर्यंत आकडा बदलत नाही. १८७५ च्या भारतीय सज्ञानता कायद्यानेही हीच पद्धत धरली. जन्माचा दिवस पूर्ण दिवस मोजायचा आणि अठरा वर्षांनी तोच दिवस उजाडताच माणूस सज्ञान झाला असे मानायचे, अशी त्यातील तरतूद आहे.

ज्या घरी जन्मटिपण असे, तिथे शके, संवत्सर, महिना आणि तिथी लिहिलेली असे. संवत्सरांची नावे साठ असल्यामुळे साठ वर्षांनी जन्माचे संवत्सर पुन्हा येते. शके १८७० म्हणजे १९४८-४९ साली सर्वधारी संवत्सर होते. ते पुन्हा आले शके १९३० मध्ये, २००८ साली. षष्ट्यब्दीपूर्तीचा संस्कार याच चक्रावर बेतलेला आहे, तर ऐंशी वर्षे उलटल्यावरचे सहस्रचंद्रदर्शन पौर्णिमांच्या हिशेबावर.

हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असे. त्याचा वेगळा जिल्हा १९८२ साली झाला. संस्थानाच्या सरकारी कामकाजात फसली सन चाले आणि महिन्यांची नावे आजूर, दै, बहमन अशी फारसी असत. फसली सनात महिन्यानुसार ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन निघतो. त्यामुळे एकाच मुलाचा जन्म टिपणात शकाने, तर सरकारी कागदात फसलीने नोंदलेला असू शके.

बहुतेक घरांत मात्र टिपणही नसे आणि दाखलाही नसे. तिथे आठवणीच कामी येत. ‘रझाकाराच्या वक्ताला रांगत होता’, ‘पोलीस ॲक्शनच्या साली झाली’, ‘बाहत्तरच्या दुष्काळात पोटात होता’ अशी उत्तरे मिळत. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईची तारीख ठाऊक असल्याने अशा उत्तरावरून वर्ष काढता येई. पुढच्या पिढीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप ही तशीच खूण झाली. खूणही नसली की अंदाजाने तीस, चाळीस, पन्नास असा गोल आकडा सांगितला जाई. जनगणनेच्या तक्त्यांत शून्य आणि पाचाने संपणाऱ्या वयांची गर्दी दिसते, ती यामुळेच.

तारीख खऱ्या अर्थाने घरोघर पोचवली ती शाळेने. मुलाचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला की तो शाळेत घालण्याजोगा झाला, असे समजत. पालकांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी अंदाजे वर्ष धरून १ जून लिहून टाकत. शाळा जूनमध्ये सुरू होई, त्यामुळे प्रवेशाच्या वयाचा मेळ या तारखेने सहज बसे. एका गावात कित्येकांचा ‘सरकारी’ वाढदिवस एकच निघतो, त्याचे कारण हे. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून १ जूनवाले ३१ मे रोजी एकदमच निवृत्त होतात.

जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभर एकसारखा कायदा १९६९ साली झाला आणि ग्रामपंचायतीतील नोंद हळूहळू नेमाची झाली. याच कायद्यातील दुरुस्तीमुळे १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, सरकारी नोकरी अशा कामांत जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जातो. अंदाजाने तारीख लावण्याची गुरुजींची सोय त्यामुळे संपली आहे.